मागच्या खिडकीतून ऐकलेला दम

माझ्या नवऱ्याचा खेळ मी कधी डोळ्यांनी पाहिला नाही. ऐकला मात्र सगळा.

सोलापुरात गिरणीच्या चाळीत आमची खोली अगदी टोकाची. तिला मागच्या बाजूला एक खिडकी होती. खिडकी म्हणजे काय, गज लावलेलं भोकच म्हणा. तिच्यातून गिरणीची भिंत दिसायची, भिंतीवरून लिंबाचा शेंडा दिसायचा आणि उरलेलं आभाळ. भिंतीपलीकडं पटांगण होतं. तिथं हुतुतूचे सामने व्हायचे आणि आमचे हे तिथं खेळायचे. बाईमाणसानं मैदानावर जाऊन उभं राहायची त्या काळी रीत नव्हती. पुरुष भिंतीवर चढून बसायचे, लिंबावर चढायचे, आणि मी आत चुलीपाशी कान देऊन बसायची.

नाव त्यांचं लिहीत नाही. तोंडानं कधी घेतलं नाही, आता या वयात लिहायलाही हात धजत नाही. त्यांचं नाव घेऊन गळा फाडायला भिंतीवर माणसं काय थोडी होती? मी आपली 'हे'च म्हणते.

ऐकून खेळ कसा कळतो, असं माझी नातवंडं विचारतात. कळतो की. माझा बाप होटगी स्टेशनावर सांधेवाला होता. रुळाला कान न लावता, नुसती अंगणात भांडी घासताना कुठली गाडी, मालाची की माणसांची, गुलबर्ग्याकडची की विजापूरकडची, हे मी परकर नेसायच्या वयात सांगायची. हुतुतूत तर आणखी सोपं. गडी दम घालायला गेला की सगळं पटांगण गप्प होतं. पंचाला दम ऐकू यावा लागतो ना. दम तुटला की गडी बाद. तेव्हा शेकडो माणसं श्वास धरून गप्प, आणि मधे एकट्याचा आवाज, हुतुतुतुतुतु, असा माझ्या चुलीपर्यंत यायचा.

ह्यांचा दम मी हजारातून ओळखला असता. सुरुवात खालच्या पट्टीत, विहिरीत घागर बुडते तशी. मग एकसारखा, ना चढ ना उतार. कुणाला हात लागला की जरासा वर जायचा. कुणी पाय धरला की आवाज गच्च व्हायचा, तेव्हा माझ्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहायचा. आणि सुटून मधली रेघ ओलांडली की शेवटचा 'तू' ते लांबवायचे, दाराला आतून कडी घालावी तसा. तो 'तू' ऐकला की भिंतीवर ओरडा व्हायच्या आधी मी म्हणायची, "आले." आणि भाकरी तव्यावर टाकायची.

हे मूळचे टेंभुर्णीकडचे. घरची जमीन कोरडवाहू, भाऊ पुष्कळ. गावच्या जत्रेत खेळताना आमच्या गिरणीच्या जॉबरनं त्यांना पाहिलं. जॉबर म्हणजे साचेखात्यात, यंत्रमागांवर, माणसं लावणारा आणि काढणारा, त्याचा शब्द मोठा. हा जॉबर खेळाचा वेडा. त्यानं जत्रेतच विचारलं, "गिरणीत येतो का?"

हे म्हणाले, "येतो. पर मला साचा चालवाय येत न्हाय."

"साचा चालवायला माझ्याकडं माणसं लई हायती. तू दम चालव."

तसे हे सोलापुरात आले. नाव साचेखात्यात लागलं, पण बसवलं घडी खात्यात. तिथं कापडाच्या घड्या घालायच्या, ठप्पे मारायचे, सावलीचं काम. साच्यांपाशी कापसाची भुकणी उडते, ती छातीत गेली की दम जातो, म्हणून जॉबर त्यांना साचेखात्याच्या दारातही उभं राहू द्यायचा नाही. सकाळी गवळी दारात येऊन शेरभर दूध घालून जायचा, तेही गिरणीतर्फे. चाळीत दुधाचा रतीब असलेलं घर आमचंच.

मला बघायला आले तेव्हाची गोष्ट. माझ्या बापानं विचारलं, "पोरगा काय करतो?"

मध्यस्थ म्हणाला, "खेळतो."

"ते झालं. पर करतो काय?"

"अवो तेच. गिरणीनं त्याला खेळण्यासाठी ठिवून घेतलाय."

बापानं जन्मात खेळून पोट भरणारा माणूस पाहिला नव्हता. डोंबारी सोडून. पण ह्यांनी उठताना वाकून त्याच्या पायाला हात लावला, आणि जाताना अंगणातले भरलेले रांजण, वाटेत होते म्हणून, एकट्यानं उचलून बाजूला ठेवले. बाप आईला म्हणाला, "खेळ का करंना, पोरगं कामाचं हाय."

लग्नानंतर मीही गिरणीत लागले, रिळिंग खात्यात. तिथं सगळ्या बायकाच. सूत गुंडाळायचं, तुटलं की गाठ मारायची, बोलत बोलत. माझी बोटं चटचट चालायची. घरी आल्यावर ह्यांच्या पायांना तेल लावायचं, तेही माझंच काम. आणि त्यांच्या जेवणावर पहारा ठेवायचा, तेही. जॉबरनं मला बजावून ठेवलं होतं, "वयनी, आंबट न्हाय, आन् शेंगाची चटणी तर अजिबात न्हाय. कूट घशाला धरतंय." आता सोलापुरात राहून शेंगाची चटणी खायची नाही म्हणजे काय शिक्षा आहे सांगा. हे डोळे मिटून दुधाशी भाकरी खायचे. आणि सामना जिंकला की रात्रीच्या जेवणाला मी भाकरीच्या पदराखाली चिमूटभर चटणी लपवून वाढायची. ते पदर उलगडून बघायचे, माझ्याकडं बघायचे आणि जेवायला लागायचे. आमची एवढीच चैन.

आमच्या शेजारच्या खोलीत एक तेलुगू विणकर राहायचे. घरचा हातमाग मोडून गिरणीत आलेले, साचेखात्यातले जुने कारागीर. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते मला 'बिड्डा' म्हणायचे, म्हणजे तेलुगूत लेकरू. आणि मी लेक म्हणून हे त्यांचे 'अल्लुडू', जावई. जावयाची थट्टा करायचा त्यांना हक्कच होता. सकाळी दूध आलं की आपल्या दारातून म्हणायचे, "काय अल्लुडू, आज किती वार विणलं?"

हे म्हणायचे, "मामा, तुमी विणा. आमी घडी घालतो."

"घडी माझी बायको पण घालते. तिला कोन दूध देत नाय."

सगळी चाळ हसायची. हेही हसायचे. पण मला वाटतं, ते त्यांना थोडं लागायचं. कापडाच्या गिरणीत नाव साचेवाल्याचं आणि साचा कसा सुरू करतात ते ठाऊक नाही, असं ते एकटेच.

मधे एकदा दुसऱ्या गिरणीचा माणूस त्यांना फोडायला आला होता. रेशमी फेटा घेऊन आला, मोठी खोली देतो म्हणाला. हे बोलत बसले त्याच्याशी उंबऱ्यावर. मी आत. शेवटी विचारतात काय, "खोलीला मागनं खिडकी हाय का?"

तो म्हणाला, "खिडकीचं काय? पुढं ओटा हाय."

"मैदान तितनं ऐकू येतंय का?"

तो माणूस चक्रावला. त्या गिरणीचं मैदान खोल्यांपासून लांब, तळ्याच्या अंगाला. ह्यांनी फेटा परत त्याच्या हातात दिला. मला वाटलं, आपल्या गिरणीचा लळा असेल. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मार्शल लॉची धामधूम ओसरून वर्ष झालं असेल, तेव्हाची ही गोष्ट. थंडी नुकती पडायला लागली होती, गड्ड्याच्या जत्रेला अजून दोन-अडीच महिने होते. बाहेरगावचा एक नावाजलेला संघ आला होता, आणि भिंतीवर मुंगीला जागा नव्हती. मी चुलीपाशी. ह्यांचा दम सुरू झाला, खालून, घागरीसारखा. एकसारखा चालला. वर गेला, म्हणजे हात लागला. मग गच्च झाला. मी गोळा हातात धरून बसले. गच्च, गच्च, आणि मग तुटला. सुटला नाही, लांबला नाही, सुरी फिरवल्यासारखा मधेच तुटला. त्यांचा दम कधी कुणी तोडला नव्हता. भिंतीवरचं कुणी ओरडलं नाही. मी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, विझवलं आणि दार उघडून उभी राहिले. ते त्यांना झोळीत घालून आणतील हे मला आणायच्या आधी कळलं होतं.

उजवा गुडघा फिरला होता. तिघांनी धरलेला पाय त्यांनी तसाच ओढला, माती ओली होती, पाय रुतला आणि अंग वळलं. हाडवैद्य आला, पट्टे बांधले, लेप लावले. उठून चालायला लागले, पण पाय आखडूनच राहिला. पळणं संपलं. वैद्यानं सांगायच्या आधी त्यांनाही ते ठाऊक होतं. मला म्हणाले, "आता चटणी वाढ उघड उघड." मी वाढली. त्यांनी ती तशीच ताटात ठेवली.

मग एका सकाळी गवळी आमच्या दारावरून पुढं गेला. थांबला नाही. मान खाली घालून गेला बिचारा, त्याचा काय दोष. त्या दिवशी मामांनी थट्टा केली नाही.

संध्याकाळी जॉबर आला. दारात चप्पल काढून, डोक्याची टोपी हातात घेऊन बसला. एरवी त्याचा आवाज चाळीच्या दुसऱ्या टोकाला जायचा.

"गड्या, साचेखात्याचा सायेब, इव्हिंग मास्तर, नवा आलाय," म्हणाला. "म्हनतो, खेळाडूची जागा एकच. करकंबचा एक गडी आनलाय, त्याला घडी खात्यात घ्यायचाय."

"घ्या की," हे म्हणाले. "चांगला हाय का?"

"दम हाय. पकड कच्ची हाय." जॉबरचा चेहरा क्षणभर खुलला, मग परत पडला. "तुजं नाव साचेखात्यात हाय ना? मी म्हनलं मास्तरला, तो साचेवालाच हाय. तर तो म्हनला, मग दोन साचे चालवून दाखव. गड्ड्याची जत्रा झाली की माज्यासमोर. जमलं तर राहील, न्हाय तर जागा बी सोडायची आन् खोली बी."

खोली गिरणीची होती. ती गेली की गावी जायचं, भावांच्या वाट्यात वाटा मागायचा, आखडलेला पाय घेऊन. जॉबर गेल्यावर हे खिडकीकडं बघत बसले.

मी म्हणाले, "शिका की."

"काय शिकू? ही बोटं बघ."

बोटं खरंच तशी होती. माणसाचा घोटा एका पंजात धरला की सुटायचा नाही. त्या बोटांनी सुताची गाठ मारायची. मी रिळिंग खात्यातून पदराला सुताचे तुकडे बांधून आणायची आणि आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून गाठी मारायचो. ते सूत धरायचे आणि सूत तुटायचं. पुन्हा धरायचे, पुन्हा तुटायचं.

"अवो, त्याचा पाय न्हाय धरायचा. सूत हाय ते. ते पळून जात न्हाय."

"पळून गेलं असतं तर धरलं असतं."

पण धरलं त्यांनी. माझ्या बोटांकडं बघून बघून, जीभ दातात धरून, शेवटी गाठ बसायला लागली. पहिली नीट गाठ बसली ती त्यांनी चाळीत सगळ्यांना दाखवून आणली.

साचा दाखवायचं काम मामांनी घेतलं, आपल्या साच्यांपाशी. आणि धोटा आला तिथं गंमत झाली. धोटा म्हणजे नावेसारखा लाकडी तुकडा, त्याच्या पोटात बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताची कांडी बसते. त्या सुताचं टोक धोट्याच्या एका बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. त्यासाठी विणकर भोकाला ओठ लावून हलकेच श्वास आत ओढतो, की दोरा आपोआप तोंडात येतो. मामा हे चहाचा घोट घ्यावा इतकं अलगद करायचे. ह्यांनी ओठ लावले आणि श्वास घेतला, दम घालायच्या आधी घ्यायचे तसा. दोरा तर आलाच, त्याच्यामागून हातभर सूत आणि भुकणी थेट घशात. हे खोकून खोकून लाल. सगळं खातं साचे सोडून बघायला लागलं.

मामांनी पाठीवर थापट्या मारत म्हटलं, "अल्लुडू, सूत बाहेर काढायचंय. साचा नाय गिळायचा."

घरी आल्यावर मला हे सांगताना हेच पोट धरून हसले. पाय मोडल्यापासून ते हसले ते त्या दिवशी. मला तर वाटलं त्या धोट्यालाच नारळ वाढवावा.

गाठ जमली, धोटा जमला. एक गोष्ट काही केल्या जमेना. कांडी संपायच्या बेतात आली की साचा थांबवून धोट्यात नवी घालायची असते. कांडी संपली तरी साचा दोन-चार हात मारतोच, आणि कापडात विरळ पट्टा पडतो. मुरलेल्या विणकराला आतूनच कळतं की आता संपणार. मामांना विचारलं कसं कळतं, तर म्हणाले, "भूक लागलेली कळते की नाय? तसं." आता हे काय शिकवणं झालं? एका साच्यावर ह्यांची नजर असली की दुसऱ्याची कांडी संपायची. पट्ट्यावर पट्टे. जत्रेचे पाळणे होम मैदानावर उभे राहायला लागले होते आणि ह्यांच्या कापडाला जाळी पडत होती. मुकादम ते कापड बाजूला फेकायचा. हे संध्याकाळी यायचे ते पाय ओढत नाही, सगळं अंग ओढत यायचे.

एके दिवशी मी भाकऱ्या थापत होते. हे भिंतीला टेकून, आखडलेला पाय लांब करून बसले होते. आणि माझ्या कानावर तो आवाज आला. हुतुतुतुतु. खालच्या पट्टीत, तोंडातल्या तोंडात. मी मागं बघितलं नाही. मला वाटलं, मनात खेळतायत, खेळू द्यावं. दम संपला, श्वास घेतला, दुसरा सुरू झाला. मग तिसरा. मग माझा हात थांबला तर हे म्हणाले, "थांबू नको, थाप."

"का?"

"साच्यागत वाजतंय ते. एक कांडी किती दमाची हाय ते बघतोय."

मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. साचा गिरणीच्या चामडी पट्ट्यावर चालतो, त्याची चाल ठरलेली. कांडीवर सूतही ठरलेलं. मग एक कांडी संपायला अमुक इतके दम लागणार, दर वेळी तेवढेच. त्या दिवशी दुपारी त्यांनी मोजून बघितलं होतं. मोठा साचा आणि छोटा साचा यांचे दम वेगळे, पण प्रत्येकाचे ठरलेले. साच्यांच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार? ओठ हलले तर लोकांना वाटायचं देवाचं नाव घेतोय.

"मग झालं की," मी म्हणाले.

"न्हाय झालं. दोनदा बरुबर आलं, तिसऱ्यांदा कांडी आदी संपली. साचा तोच, कांडी तीच. कुटं चुकलं ते कळंना."

मी म्हणाले, "पुन्हा घाला दम."

त्यांनी घातला. मी थापत राहिले, कान देऊन. पहिला दम ठीक. दुसरा ठीक. तिसरा लांबला, शेवटाला ओढून ताणून. चौथा तोकडा.

"तिसरा लांब झाला," मी म्हणाले. "तुमी जीव लावून ओढला तो. चौथ्याला मग वाराच उरला न्हाय."

"तुला कसं कळलं?"

"इतकी वर्सं काय करत होते हितं बसून?"

गोष्ट अशी होती की महिनाभर अंथरुणात पडून आणि मग भुकणीत उभं राहून त्यांचा दम मोडला होता. लांबी एकसारखी राहत नव्हती. आणि ते त्यांना स्वतःला कळत नव्हतं, कारण दम घालणाऱ्याला आपला दम ऐकू येत नाही, तो समोरच्या गड्यांकडं बघत असतो. मग रोज संध्याकाळी मी पंच. मी थापायची, ते दम घालायचे. "तोकडा." "लांबला." "हां, हा बरुबर." कधी चिडायचे. म्हणायचे, "मैदानावर पंच इतका खडूस नसतो." मी म्हणायची, "मैदानावरच्या पंचाला खोली सोडावी लागत न्हाय." भाकऱ्या तेवढ्या दिवसांत आमच्या घरी जास्तच व्हायच्या, मामांकडं नेऊन द्यायची मी. मामा विचारायचे, "बिड्डा, घरात पाहुणे आले काय?"

जत्रा उठली. मास्तर साचेखात्यात येणार तो दिवस आला. सकाळी हे निघाले तेव्हा मी पाण्याची कळशी दारात भरून ठेवली, सामन्याच्या दिवशी ठेवायची तशी. त्यांनी त्यात बोटं बुडवून कपाळाला लावली, तेही सामन्याच्या दिवसासारखं.

माझं मन रिळिंगमध्ये लागेना. दुपारी पाणी प्यायला म्हणून उठले आणि हौदाच्या वळणावरून साचेखात्याच्या मोठ्या दाराशी गेले. आत सगळा खडखडाट, भिंती हलतायत असं वाटावं इतका. शेकडो साचे. आणि त्यात मला हे दिसले.

आयुष्यभर मी त्यांना ऐकत आले होते आणि कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी उलटं झालं. दिसत होते पण ऐकू काही येईना. दोन साच्यांच्या मधे पाय जरा फाकवून, गुडघ्याला ओझं न देता उभे, नजर इकडून तिकडं. समोर धावणाऱ्या गड्यांकडं बघावं तशी. मागं मास्तर हात बांधून, आणि जॉबर त्याच्या मागं टोपी पिळत. ह्यांचे ओठ हलत होते, बारीक, एकसारखे. मी ओठांवरूनच ऐकायला लागले. एक दम झाला. श्वास. दुसरा. तोकडा नाही, लांब नाही. मग ओठ पुढं आले, गोल झाले आणि तसेच राहिले. तो शेवटचा 'तू'. त्याच क्षणी हात साच्याच्या मुठीवर गेला, साचा थांबला, धोटा बाहेर, जुनी कांडी काढली. तिच्यावर दोन-चार वेढे सूत शिल्लक होतं, ते त्यांनी मास्तरला दाखवायचंही ध्यानात ठेवलं नाही. नवी कांडी, भोकाला ओठ, अलगद श्वास, साचा सुरू. आणि लगेच दुसऱ्या साच्याकडं वळले, त्याचा दम मनात कुठं होता ते न विसरता.

मी आणखी थांबले असते, पण आमच्या खात्यावर देखरेख करणारी नायकीण हौदाकडून हाका मारत आली.

संध्याकाळचा भोंगा झाला. मी खोलीवर येऊन चूल पेटवली. हे आले नाहीत. मामा आले आधी, दारात उभे राहून म्हणाले, "अल्लुडूनं कापड उतरवलं. मास्तरनं उजेडाला धरून बघितलं, हात फिरवून बघितलं."

"मग?"

"मग काय? एक ठिकाणी माशीएवढा पट्टा हाय. मास्तर म्हनला, चालेल." मामांनी मान डोलावली. "मी त्याला म्हनलं, अल्लुडू, आता घडी कोन घालनार? त्याला कुठं ऐकू जातंय? जॉबरनं उचलला होता ना त्याला, सगळ्या खात्यासमोर. जिंकल्यावर उचलतात तसा."

त्या रात्री मी भाकरीच्या पदराखाली चटणी लपवून वाढली. लपवायची गरज आता उरली नव्हती, तरी वाढली. त्यांनी पदर उलगडून बघितलं.

माझा बाप पुढच्या बाजाराला होटगीहून आला. ह्यांनी स्वतः विणलेलं धोतराचं पान त्याच्या हातात ठेवलं. बाप ते उलटसुलट करून बघत म्हणाला, "बरं झालं. कुनी इचारलं तर आता सांगता येईल जावई काय करतो ते." मग धोतराची घडी घालत म्हणाला, "पर खेळायचा त्यो लई, असं सगळी सांगत्यात. मी यायला पायजे हुतं एकदा."

मग उन्हाळा लागायच्या आत पुन्हा सामने सुरू झाले. करकंबचा गडी गिरणीकडून पहिल्यांदा खेळणार होता. गुणी माणूस, येता-जाता ह्यांना वाकून रामराम करायचा. ह्यांनी सामन्याला जावं म्हणून जॉबर स्वतः बोलवायला आला, पुढं बाकावर जागा ठेवतो म्हणाला. हे म्हणाले, "पाय दुखतोय." पाय काही दुखत नव्हता त्या दिवशी. जॉबरला ते कळलं आणि तो गेला.

मी चुलीपाशी, हे खाटेवर, खिडकीखाली. भिंतीवर माणसं चढली. सगळं गप्प झालं. आणि करकंबच्या गड्याचा दम आला, जरा वरच्या पट्टीत, तरुण माणसाचा. हे एकदम ताठ बसले. कधी मान इकडं, कधी तिकडं. दम वर गेला तशी मी म्हणाले, "लागला हात." गच्च झाला तशी मीच म्हणाले, "धरलं." मग सुटला, आणि भिंतीवर ओरडा झाला.

हे माझ्याकडं वळून म्हणाले, "हे असं ऐकू यायचं व्हय हितं?"

"असंच."

"समदं?"

"समदं. पर ह्याचा शेवट कळत न्हाय. ओरडा झाला तवा कळलं. तुमी शेवटचा 'तू' लांबवायचा, मंग मला लोकांच्या आदी कळायचं."

"मी लांबवायचो?"

त्यांना ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं सगळ्या सोलापूरनं ऐकलं, फक्त त्यांनी ऐकलं नव्हतं. मला तर वाटायचं ते माझ्यासाठीच लांबवतात. तसं मी बोलून दाखवलं नाही. त्या रेशमी फेटेवाल्याला खिडकी का विचारली होती, ते मात्र मला तेव्हा नीट कळलं.

पलीकडं दुसऱ्या संघाचा गडी आला, गेला, त्याच्याकडं आमचं दोघांचं लक्ष नव्हतं. हे भिंतीला टेकले. छाती भरून वारा घेतला, साच्यापाशी घ्यायचे तसा नाही, पूर्वीसारखा. आणि हलक्या आवाजात दम घातला, माझ्याकडं न बघता, स्वतःच कान देऊन. खालून सुरू झाला, घागरीसारखा. एकसारखा चालला. शेवटी ओठ पुढं आले आणि 'तू' लांबला, कडी बसेपर्यंत.

मी भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाले, "आलात."